रुंद रिम, अरुंद फ्रेम : माउंटन बाइकच्या टायरची निवड

माउंटन बाइकच्या टायरच्या बाजूवर २९ × २.२५ किंवा २९ × २.४ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात आणि त्यांतला दुसरा आकडा म्हणजे टायरची इंचांतील रुंदी, असे बहुतेक ग्राहक धरून चालतात. प्रत्यक्षात टायरला स्वतःची अशी पक्की रुंदी नसते. तो ज्या रिमवर चढवला जातो तिची रुंदी, त्यात भरलेल्या हवेचा दाब आणि रबराखालच्या कापडाला वापरातून बसत जाणारा ताण, या तिन्हींतून ती ठरते. फ्रेमचे मात्र तसे नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये कारखान्यात जेवढे अंतर ठेवले गेले तेवढेच ते कायम राहते आणि कोणत्याही कारागिराला ते नंतर सुरक्षितपणे वाढवता येत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रिम झपाट्याने रुंद होत गेल्या; सायकलस्वारांकडच्या कित्येक फ्रेम मात्र त्याआधीच्या, अरुंद रिमचा हिशेब धरून घडवलेल्या आहेत. नव्या रिम जुन्या फ्रेममध्ये बसवताना कोणता टायर घ्यावा, हा प्रश्न या विसंगतीतून निर्माण झाला आहे आणि त्याचे उत्तर टायरपासून नव्हे, तर फ्रेमपासून शोधायला सुरुवात करावी लागते.

त्याआधी आकड्यांची भाषा नीट समजून घेणे आवश्यक आहे. टायरवर इंचांच्या आकड्याजवळच ५७-६२२ यासारखी दुसरी एक जोडी बारीक अक्षरांत असते. ती एट्रटो या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय टायर-रिम मानक संस्थेच्या पद्धतीने दिलेली असून आंतरराष्ट्रीय मानकानेही तीच पद्धत स्वीकारली आहे. तीतला पहिला आकडा टायरची अपेक्षित रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा टायरची कड रिमच्या ज्या वर्तुळावर टेकते त्याचा व्यास सांगतो. ही कड म्हणजे टायरच्या दोन्ही काठांत गुंफलेले तारेचे किंवा मजबूत धाग्याचे कडे असून तिला बीड म्हणतात. २९ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकाचा हा व्यास ६२२ मिमी, २७.५ इंची चाकाचा ५८४ मिमी आणि जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा ५५९ मिमी असतो. व्यास चुकला तर टायर चढतच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच उघड होते. रुंदीतली चूक मात्र टायर चढवल्यावर, हवा भरल्यावर आणि अनेकदा पहिल्या चिखलात गेल्यावरच कळते. ५७ हा आकडा मानकात ठरवून दिलेल्या मोजणीच्या रिमवरचा असतो, ग्राहकाच्या चाकावरचा नव्हे, हे विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते. शिवाय दोन उत्पादकांचे २.२५ असे छापलेले टायर एकाच रिमवर चढवले तरी त्यांच्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघू शकतो.

रिमच्या रुंदीबाबतही असाच घोटाळा होतो. रिमचे बाहेरचे माप आणि आतले माप यांत साधारणपणे चार ते सहा मिलिमीटरचा फरक असतो. टायरच्या आकारावर परिणाम होतो तो आतल्या मापाचा, म्हणजे टायरच्या दोन्ही कडा ज्या दोन भिंतींना आतून टेकतात त्या भिंतींमधल्या अंतराचा. जाहिरातीत ३५ मिमी रिम असे लिहिलेले असेल, तर ते माप आतले की बाहेरचे याची चौकशी केल्याशिवाय पुढचा कोणताही हिशेब विश्वासार्ह ठरत नाही.

माउंटन बाइकचा जन्म झाला तेव्हा रिम आणि फ्रेम यांच्यात ही ओढाताण नव्हती. श्विन या अमेरिकी कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेला २६ × २.१२५ मापाचा जाड बलून टायर आणि त्यासाठी बनवलेल्या ऐसपैस फ्रेम चार दशकांनंतर कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या तरुणांना मोडीच्या भावात मिळत होत्या. माउंट टॅमल्पायसच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून त्याच सायकली हाकत त्यांनी १९७६ मध्ये रीपॅक नावाची उताराची शर्यत सुरू केली; जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची ही नावे याच काळातली आहेत. त्या सायकलींच्या पोलादी रिम रुंद होत्या, पण जडही होत्या. पुढे हा खेळ शर्यतींकडे वळला तसा चाकाच्या वजनातला प्रत्येक ग्रॅम मोजला जाऊ लागला आणि रिम अरुंद होत गेल्या. किथ बॉन्ट्रेगर यांनी रस्त्यावरच्या सायकलींच्या हलक्या रिम कापून, लहान व्यासाला पुन्हा वळवून माउंटन बाइकसाठी वापरल्या, ही त्या काळाची दिशा दाखवणारी घटना आहे. १९९० च्या दशकात आतून १७ ते १९ मिमी रुंदीच्या रिमवर २ इंचांच्या आसपासचा टायर ही सर्वमान्य जोडी झाली आणि फ्रेमचे आराखडेही तिलाच धरून होऊ लागले.

अरुंद रिमचे राज्य इतका काळ टिकण्यामागे ब्रेक हेही एक कारण होते. रिमलाच दोन्ही बाजूंनी रबरी ठोकळे घासून थांबवणाऱ्या ब्रेकमध्ये रिमची बाहेरची रुंदी फार वाढवता येत नाही, कारण ब्रेकचे बाहू ठरावीक अंतरापर्यंतच उघडतात. डिस्क ब्रेक सर्वत्र रूढ झाल्यावर रिमची या कामातून सुटका झाली आणि तिच्या रुंदीवरचे हे बंधन गळून पडले. दुसऱ्या बाजूने बर्फ आणि वाळूसाठी घडवलेल्या फॅट बाइकने रुंद रिमची उपयुक्तता दाखवून दिली. सर्ली कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या पग्सली या सायकलीबरोबर ६५ मिमी रुंदीची रिम आणि ३.७ इंची टायर ही जोडी सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या दशकात या टोकाच्या मापांमधून मधला मार्ग निघत गेला. आज डोंगरी पायवाटांवरच्या सायकलींना आतून २५ ते ३० मिमीची रिम सर्रास असते, त्याहून दणकट वापरासाठी ३५ मिमीपर्यंतच्याही रिम मिळतात आणि मॅक्सिससारखा उत्पादक वाइड ट्रेल या नावाखाली अशाच रुंद रिमना अनुरूप टायर वेगळे बनवतो.

रिम रुंद झाली की टायरचे नेमके काय होते, हे शालेय भूमितीच्या आधाराने पाहता येते. हवा भरलेल्या टायरचा आडवा छेद हा वर्तुळाचा मोठा तुकडा असतो आणि त्या वर्तुळाचा उरलेला लहानसा भाग रिमने छेदलेला असतो. टायरचे केसिंग, म्हणजे रबराखाली असलेले आणि टायरला आकार देणारे नायलॉनच्या धाग्यांचे कापड, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठरावीक लांबीचे असते आणि ती लांबी फारशी बदलत नाही. त्याच लांबीच्या कमानीचे दोन पाय जर एकमेकांपासून दूर नेले, तर कमान ज्या वर्तुळाचा भाग आहे ते वर्तुळ मोठे होते. टायरची रुंदी वाढते आणि बाजूच्या भिंती अधिक उभ्या होतात. रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर सुमारे ०.४ मिमीने रुंद होतो, हा कारागिरांमध्ये रूढ असलेला ठोकताळा याच भूमितीतून आलेला आहे.

उदाहरण म्हणून आतून २१ मिमी रुंदीच्या रिमवर ज्याची रुंदी बरोबर ५७ मिमी भरते असा २.२५ इंची टायर घेतला, तर त्याच्या केसिंगची कमान हिशेबाने साधारण १५८ मिमी लांब निघते. तोच टायर २५ मिमीच्या रिमवर चढवला तर रुंदी सुमारे ५८.४ मिमी होते आणि ३० मिमीच्या रिमवर ती ६० मिमीच्या थोडी पुढे जाते. उंचीतही १ मिमीहून थोडी अधिक वाढ होते आणि आत मावणाऱ्या हवेचे आकारमान नऊ-दहा टक्क्यांनी वाढते. स्वार पैसे मोजतो ते या वाढीव हवेसाठीच, कारण तेवढ्या प्रमाणात दाब कमी ठेवता येतो आणि टायर दगडधोंड्यांवर आदळून उसळण्याऐवजी त्यांना कवेत घेत जातो. मात्र त्याच वाढीचे दीड मिलिमीटर टायरच्या प्रत्येक बाजूला, फ्रेमच्या दिशेने, सरकलेले असते. कागदावर हे माप नगण्य दिसते, तरी अरुंद फ्रेममध्ये सगळा प्रश्न याच दीड मिलिमीटरचा असतो.

रुंदीइतकाच महत्त्वाचा, पण सहसा दुर्लक्षित राहणारा बदल टायरच्या माथ्यावर होतो. टायरचा जमिनीला लागणारा भाग म्हणजे ट्रेड, आणि त्यावर रबराच्या खुंट्या असतात. मधल्या खुंट्या सरळ जाताना पकड देतात आणि कडेच्या खुंट्या वळणावर सायकल कलल्यावर मातीत रुततात. रिम रुंद झाली की माथा चपटा होतो आणि कडेच्या खुंट्या खाली झुकलेल्या न राहता वर येतात. हे ठरावीक मर्यादेपर्यंत हिताचे असते, कारण वळणावर टायर रिमच्या आधाराशिवाय लटपटत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र टायरचा आकार चौकोनाकडे झुकतो, सायकल कलवताना ती मध्येच अडते आणि मग एकदम कडेच्या खुंट्यांवर जाते. शिवाय ट्रेड जेवढा होता जवळपास तेवढाच राहतो आणि केसिंग त्याच्या बाहेर डोकावू लागते. अरुंद रिमवर खुंट्यांच्या आडोशाला असलेली टायरची पातळ बाजू उघडी पडते आणि सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या धारदार तुकड्यांवर पहिली चीर तिथेच पडते. माथ्यावरच्या काट्याचे छिद्र ट्यूबलेस टायरमधला द्रव बुजवतो. बाजूची लांब चीर बुजवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

आता फ्रेमकडे वळायला हवे. मागच्या चाकाला सर्वांत कमी जागा मिळते ती पेडलांच्या आसाच्या पेटीमागे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या लगेच मागे, जिथे चेनस्टे या दोन आडव्या नळ्या एकत्र येतात. त्या ठिकाणी एका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला दातेरी चक्र आणि पेडलचा दांडा अशा तीन गोष्टींना वाट द्यायची असल्याने नळीला बाहेर सरकायला वाव उरत नाही. कित्येक फ्रेममध्ये नळीला आतल्या बाजूने मुद्दाम चेपून टायरसाठी खोबण केलेली दिसते. अलीकडच्या बहुतेक माउंटन बाइकमध्ये बूस्ट या नावाने रूढ झालेले मागचे १४८ मिमीचे हब, म्हणजे चाकाच्या मध्यभागचा आसाभोवतीचा भाग, असते आणि त्याच्याबरोबर चेनची रेषाही सुमारे ३ मिमीने बाहेर सरकली आहे. नव्या फ्रेम रुंद टायर सहज सामावतात त्याचे एक मोठे कारण हे आहे आणि १३५ किंवा १४२ मिमी हबच्या जुन्या फ्रेमना ते सुख का लाभत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. दुसरी अडचणीची जागा सीटस्टे या वरच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाची. तिथे टायरची रुंदी नव्हे, तर उंची आड येते. समोरच्या सस्पेन्शन फोर्कच्या कमानीखालीही हीच स्थिती असते. जुन्या सायकलींत पुढचा डिरेलर, म्हणजे पुढच्या चक्रांवर चेन सरकवणारा भाग, टायरच्या अगदी जवळ येतो आणि फ्रेम मोकळी असली तरी तोच टायरला अडवतो.

टायर आणि फ्रेम यांच्यात प्रत्येक बाजूला किमान ६ मिमी मोकळी जागा असावी, अशी अनेक उत्पादकांची सूचना असते. ती अतिसावध वाटली तरी तिच्यामागे ठोस कारणे आहेत. चाक कधीच पूर्णपणे सरळ फिरत नाही. वापराने आऱ्यांचा ताण कमी-जास्त झाला की रिम डावी-उजवीकडे डुलते आणि दुकानात आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून आणले तरी थोडा डुल उरतोच. त्याशिवाय चढावर पेडलवर उभे राहून जोर लावताना किंवा वेगाने वळताना चाक, आस आणि फ्रेम या तिन्हींना थोडा थोडा बाक येतो आणि उभ्या सायकलीवर दिसणारे अंतर त्या क्षणी घटते. खुंट्यांच्या फटीत अडकलेला खडा टायरबरोबर फिरत नळीपाशी आला, तर त्याला पलीकडे जायलाही वाट हवी असते.

चिखलात तर या अंतराची कसोटी लागते. दख्खनच्या पठारावरची काळी जमीन, जिला रेगूर म्हणतात, तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि कोणत्याही वस्तूला घट्ट चिकटते. पहिल्या पावसानंतर अशा शेतवाटेवर सायकल घातली तर काही अंतरातच चेनस्टेच्या बेचक्यात मातीचा गोळा साचतो आणि चाक जागच्या जागी थांबते. जांभ्याच्या लाल मातीचा चिखल त्या मानाने लवकर धुऊन जातो, तरी त्यातले खडे आणि वाळू टायरबरोबर फिरत फ्रेमचा रंग पॉलिश पेपरप्रमाणे घासून काढतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर त्याने चमकदार पट्टा उमटतो. कार्बनच्या फ्रेममध्ये मात्र असा घासा बाहेरचा लेप ओलांडून तंतूंच्या थरापर्यंत पोहोचला की नळीच कमकुवत होते. पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या स्वाराने म्हणूनच ६ मिमी ही मर्यादा कमाल नव्हे, तर किमान समजावी आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी शक्य असल्यास अरुंद, विरळ आणि उंच खुंट्यांचा टायर वेगळा ठेवावा. अशा टायरच्या खुंट्यांमधली माती चाक फिरताना आपोआप फेकली जाते.

मोजणीचे काम सोपे आहे, पण ते क्रमाने करावे लागते. सध्याचा टायर नेहमीच्या दाबाने फुगवावा आणि तो नवा असेल तर किमान एक दिवस तसाच राहू द्यावा, कारण नव्या टायरचे केसिंग पहिल्या एक-दोन दिवसांत ताणले जाऊन रुंदी मिलिमीटरभर किंवा थोडी अधिक वाढते. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने केसिंगची आणि कडेच्या दोन खुंट्यांमधली रुंदी वेगवेगळी मोजावी. फ्रेमशी घासण्याचा धोका या दोहोंपैकी जी अधिक असेल तिच्यापासून तर असतोच, शिवाय दोन्ही चेनस्टेच्या वेगवेगळ्या जागांसमोरून जातात. केसिंगची सर्वांत रुंद जागा आसाच्या बाजूला, म्हणजे मोकळ्या भागात येते आणि खुंट्या बॉटम ब्रॅकेटच्या बाजूला, म्हणजे अडचणीत येतात. फ्रेममधले अंतर तपासायला ॲलन कीसारखे दुसरे साधन नाही, कारण ती जवळपास प्रत्येक स्वाराच्या पिशवीत असते आणि तिची जाडी अचूक असते. टायर आणि नळी यांच्या फटीत ६ मिमीची की सहज सरकली तर जागा पुरेशी आहे. ५ मिमीची जेमतेम सरकत असेल तर कोरड्या हंगामापुरती ती चालण्यासारखी आहे. ४ मिमीचीही अडत असेल, तर तो टायर त्या फ्रेमचा नव्हे. ही तपासणी चाक एक पूर्ण फेरा फिरवून, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी आणि वर सीटस्टेच्या पुलाखाली करावी. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत शॉकमधली हवा पूर्ण सोडून सायकल शेवटपर्यंत दाबून पाहणेही अत्यावश्यक आहे, कारण काही फ्रेममध्ये मागचे चाक त्या टोकाला सीटच्या नळीजवळ येते आणि उभ्या अवस्थेत याची चाहूलही लागत नाही. पुढच्या फोर्कसाठीही हीच पद्धत लागू पडते.

मोजलेली मापे हाती आली की निवड बरीचशी आपोआप होते. चेनस्टेमधले अंतर टायरच्या रुंद भागापाशी ७० मिमी आहे, असे मानले तर आधीच्या उदाहरणातला २.२५ इंची टायर २१ मिमीच्या रिमवर प्रत्येक बाजूला साडेसहा मिलिमीटर जागा सोडत होता. रिम ३० मिमीची केली की तोच टायर पाच मिलिमीटरच्या आत येतो आणि त्याऐवजी २.४ इंची टायर घेतला तर जेमतेम ३ मिमी उरतात. याउलट अरुंद रिमवर ५४ मिमी भरणारा २.१ इंची टायर ३० मिमीच्या रिमवर ५७ मिमीचा होतो, म्हणजे पूर्वीच्या २.२५ इंची टायरने व्यापलेली जागाच बरोबर भरतो. रुंद रिम घेतल्यावर टायर एक पायरी खाली आणावा, हा सल्ला अनुभवी कारागीर देतात तो या हिशेबाला धरूनच आहे. मात्र तो आंधळेपणाने पाळू नये. २.१ इंची टायरचा ट्रेड अरुंद असल्याने ३० मिमीच्या रिमवर त्याच्या बाजू बऱ्याच उघड्या पडतात आणि दगड बसला की टायरआधी रिमची भिंत चेपते; काही उत्पादक तर एवढ्या मापाच्या टायरसाठी इतकी रुंद रिम मान्यही करत नाहीत. टायर आणि रिम या दोन्हींच्या उत्पादकांचे जोड्यांचे तक्ते संकेतस्थळांवर उपलब्ध असतात आणि खरेदीपूर्वी ते दोन्ही पाहणे हे ग्राहकाचे कर्तव्यच समजावे.

याच अडचणीतून २०१४ मध्ये एक वेगळी वाट पुढे आली. डब्ल्यूटीबी या कंपनीने ट्रेलब्लेझर नावाचा २७.५ × २.८ मापाचा टायर आणला आणि तो काही २९ इंची फ्रेममध्येही बसावा, या हिशेबाने त्याची रुंदी आणि उंची आखली. रिमचा व्यास ३८ मिमीने लहान असल्याने टायरचा सर्वांत रुंद भाग आसाच्या जवळ, म्हणजे चेनस्टे अधिक उघडलेल्या ठिकाणी येतो, आणि टायर जाड असल्याने चाकाचा बाहेरचा व्यास २९ इंची चाकापेक्षा फार कमी होत नाही. तरीही तो थोडा कमी होतोच. त्यामुळे बॉटम ब्रॅकेट काही मिलिमीटर खाली येतो आणि खडकाळ वाटेवर पेडल आपटण्याची शक्यता वाढते. रिम ब्रेकच्या सायकलीत हा पर्याय मुळातच बाद ठरतो, कारण ब्रेकचे ठोकळे लहान व्यासाच्या रिमपर्यंत पोहोचत नाहीत. ज्याच्याकडे डिस्क ब्रेकची, चांगल्या स्थितीतली २९ इंची फ्रेम आहे आणि ज्याला वेगापेक्षा पकड आणि आराम हवा आहे, अशा स्वारासाठी हा पर्याय आजही विचारात घेण्याजोगा आहे. मात्र दुसरा चाकांचा संच घेण्याचा खर्च सोसण्याची तयारी हवी.

बहुसंख्य स्वारांसाठी याहून सोपा तोडगा म्हणजे पुढे आणि मागे एकच टायर असावा हा आग्रह सोडणे. फोर्कमध्ये फ्रेमच्या मागच्या भागापेक्षा जवळपास नेहमीच अधिक जागा असते आणि पकडीची सर्वांत जास्त गरजही पुढच्या चाकालाच असते; सायकल वळते ती त्याच्यावर, उतारावर ब्रेक लावल्यावर भार पडतो तो त्याच्यावर, आणि ते घसरले तर स्वाराला सावरायला क्षणही मिळत नाही. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सायकल केवळ डुलते. पुढे २.४ आणि मागे २.२५ ही जोडी म्हणून तडजोड नसून कामाची योग्य विभागणी आहे. मागच्या अरुंद टायरने गमावलेली हवेची गादी केसिंगच्या निवडीतून काही अंशी भरून काढता येते. पातळ धाग्यांचे, इंचाला अधिक धागे असलेले केसिंग लवचिक असते आणि कमी दाबातही चांगले लोळते. पण मागच्या चाकावर शरीराच्या वजनाचा मोठा भाग पडत असल्याने आणि आपली भूमी दगडाची असल्याने मागे बाजूंना जादा थर दिलेले केसिंग घेणे शहाणपणाचे ठरते. त्याचे वजन शंभर-दीडशे ग्रॅमने वाढले तरी ते मान्य करावे. दाब मात्र मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय अधिक ठेवावा आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये, कारण रुंद रिमवर त्याच दाबाने केसिंगवर अधिक ताण येतो.

ज्यांनी अजून रिम खरेदी केलेली नाही त्यांना निवडीचे सर्वांत मोठे स्वातंत्र्य आहे आणि त्यांनी ते ‘अधिक रुंद म्हणजे अधिक चांगले’ या जाहिरातीच्या सुरात हरवू नये. २.२५ इंची टायरसाठी घडवलेल्या फ्रेमला आतून २५ मिमीची रिम सर्वांत योग्य आहे: तिच्यावर तो टायर दीड मिलिमीटरच्या आतच रुंद होतो, म्हणजे प्रत्येक बाजूला मिलिमीटरही खर्च होत नाही, आणि वळणावरच्या स्थैर्याचा बराचसा लाभ तरीही पदरात पडतो. ३० मिमीच्या रिमची जोडी आधीच घेऊन झाली असेल, तर तिच्यातली पुढची रिम पुढेच ठेवावी, मागचे चाक २५ मिमीच्या रिमवर पुन्हा बांधून घ्यावे आणि दुकानात जाताना चेनस्टेमधले अंतर, रिमची आतली रुंदी आणि सध्याच्या टायरची मोजलेली रुंदी हे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत.